खाली ऊन पडलंय

मार्च निम्मा सरला होता, तरी सरोवराकाठच्या कूसेला टेकडीच्या माथ्यावर आभाळ हात आखडता घ्यायला तयार नव्हतं. रात्रभर बर्फ पडत होता. सकाळी हेल्मी कार्वोनेननं दार आत ओढलं. इथली दारं आतच उघडतात. बाहेर उघडणारं दार बसवून घेणारा वसंतापर्यंत घरात कोंडून पडतो. चौकटीत कमरेइतकी पांढरी भिंत उभी होती आणि तिच्यावर दाराच्या फळ्यांचे, कडीचे ठसे उमटले होते. हेल्मीनं शिवी घातली नाही. शिव्यांचा साठा माथ्यावरचा माणूस नोव्हेंबरातच संपवतो.

तिनं चुलीत दोन ओंडके सारले, कॉफीचं भांडं कडेला ओढलं आणि स्कूप उपडा करून त्याच्या बुडाला मेणबत्तीचं टोक घासलं. मेण लावलं नाही तर बर्फ पत्र्याला गोचिडासारखा चिकटतो. स्कूप म्हणजे दांडी लावलेलं पत्र्याचं भलंमोठं सूप. ते उचलायचं नसतं. ढकलत भरायचं, ओढत न्यायचं आणि उपडं करायचं. ज्याला उचलावंसं वाटतं तो हार्बरचा, असं माथ्यावर म्हणतात.

हार्बर म्हणजे खालचं गाव. गाडीनं अर्धा तासही लागत नाही, पण मुलूख निराळा. सरोवरावरून वारा येतो तो पोट फुगवून येतो. माथ्याला धडकला की जे काय पोटात असेल ते इथंच ओकतो आणि मग हलका होऊन, शीळ घालत खाली उतरतो. इथं छपरावर माणूस चढवून बर्फ उतरवत असतात, तेव्हा हार्बरला पोरं नुसत्या स्वेटरवर हिंडतात. तिथं ईस्टरला अंगणात खुर्च्या निघतात, इथं ईस्टरला कुंपणाचे खांब डोकं वर काढतात. हार्बरच्या माणसाला माथ्याचा बर्फ खरा वाटत नाही, आणि माथ्याच्या माणसाला हार्बरचं ऊन.

दार मोकळं झालं, सरपणाच्या खोपटापर्यंत वाट झाली, टपालपेटी सापडली. मग हेल्मी रस्ता ओलांडून दफनभूमीत गेली. हे काम तिचा नवरा तौनो करायचा. तो गेला, आणि चर्चनं ते काम दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, कारण दुसऱ्याच दिवशी हेल्मी त्याचाच स्कूप घेऊन तिथं हजर होती. कोठीच्या दारापर्यंतची वाट मोकळी ठेवायची, प्रार्थनेच्या खोलीची पायरी मोकळी ठेवायची, आणि निघालेला बर्फ खालच्या अंगाला ओढ्यात लोटायचा. जन्मभर तो ओढ्यातच जात आला होता.

या हिवाळ्यात मात्र हेल्मी तो ओढ्यात लोटत नव्हती. स्कूप भरायची, सुरूच्या झाडांकडे वळायची आणि लाम्पिनेन घराण्याच्या कबरींच्या जागेवर उपडा करायची. मग स्नोशूज, बर्फावर चालायची ती जाळीची रुंद पायताणं, घालून त्यावर चालायची. जमीन चोपावी तशी, मागं-पुढं, मागं-पुढं.

कोठी म्हणजे टेकडीच्या पोटात खोदलेली दगडी खोली. हिवाळ्यात इथं मेलेल्या माणसाला माती मिळत नाही. जमीन लोखंड झालेली असते आणि तिच्यावर पुरुषभर बर्फ. म्हणून शवपेट्या कोठीत ठेवतात आणि मे महिन्यात एकेकाला बाहेर काढतात. यंदा कोठीत तिघं होती. त्यात सान्नी लाम्पिनेन.

सान्नी हेल्मीपेक्षा पंधराएक वर्षांनी मोठी, पण मैत्रीण. दर शनिवारी दोघी साउनात, वाफेच्या लाकडी खोलीत, बसायच्या, अंगातून वाफ निघेपर्यंत, आणि मग कॉफीत चीजचा तुकडा बुडवून खायच्या. फेब्रुवारीत सान्नी गेली. जायच्या आधी एकच गोष्ट तिनं दोनदा सांगितली होती. "मला मरणाची भीती नाही गं. त्या कोठीची आहे. तिथं फार दिवस ठेवू नका मला. मला थंडी सोसत नाही, तुला ठाऊकच आहे."

हेल्मीनं मान हलवली होती. आणि तीच हेल्मी आता सान्नीच्या जागेवर रोज सकाळी बर्फ चोपत होती.

कारण सान्नीला एक मुलगा होता. गॉर्डी.

गॉर्डी माथ्यावरच वाढलेला. हेल्मी शाळेच्या स्वयंपाकघरात होती, तेव्हा तिच्या हातची वाटाण्याची आमटी दोनदा मागून खाल्लेला. पुढं हार्बरची बायको केली आणि खाली राहायला गेला. माथ्याच्या रस्त्यावरचा बर्फ काढायची सरकारी गाडी मात्र त्याच्याकडेच आली, कारण वळणं त्याला पाठ. वळणं पाठ राहिली, पण माथा विसरला. खाली दहा वर्षं राहिलं की माणूस खिडकीतून बाहेर बघतो आणि सगळ्या दुनियेचं हवामान ठरवून टाकतो.

तीन वर्षांमागचा एक रविवार. दुपारी तौनो छपरावर बर्फ उतरवत होता. खाली आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, छातीवर कुणीतरी ओंडका ठेवलाय. हेल्मीनं आधी ॲम्ब्युलन्सला फोन केला. त्यांनी सांगितलं, येतो, पण रस्ता मोकळा आहे का? रस्ता कसला, अंगण दिसत नव्हतं. तिनं गॉर्डीला फोन लावला. मागं लोकांचा कालवा चालला होता, बहुधा आइस हॉकीचा सामना. ती म्हणाली, वर ये, आत्ता ये, तौनोला बरं नाही, इथं वादळ आहे.

गॉर्डी हसला होता. "काय मावशी, कसलं वादळ? इथं खाली लख्ख ऊन पडलंय. सामना संपला की येतोच."

ॲम्ब्युलन्स पहिल्या वळणाला छातीभर बर्फात रुतली. हेल्मीनं आणि कबरी खोदणाऱ्या एल्मरनं तौनोला सरपणाच्या घसरगाडीवर घातलं, वर दोन रजया टाकल्या आणि उतारानं ओढत निघाले. टपालपेटीपाशी तौनोनं एल्मरला विचारलं, दोर नीट बांधलाय ना. तेच त्याचं शेवटचं बोलणं. पुढच्या वळणाला हेल्मीनं रजई सारली तर भुवयांवर पडलेला बर्फ वितळत नव्हता.

मग गॉर्डीची गाडी आली. काय सुरेख रस्ता काढला होता त्यानं, दोन्ही बाजूंना कापून ठेवल्यासारख्या भिंती.

एवढ्यावर हेल्मी कदाचित गप्प बसली असती. माणसाकडून चूक होते. खालचं ऊन बघून वरचं ठरवायची चूक तर इथं दर हिवाळ्यात कुणी ना कुणी करतंच. पण गावसभेत विचारणा झाली तेव्हा गॉर्डी उभा राहिला, कान खाजवला आणि म्हणाला, मावशीचा फोन फार उशिरा आला. घाबरल्या असतील बिचाऱ्या, वेळेचं भान राहिलं नसेल.

बिचाऱ्या. तो एक शब्द हेल्मीच्या घशात माशाच्या काट्यासारखा रुतला. दुकानात गेली की बायका आवाज खाली आणायच्या. कुणी हातावर हात ठेवून म्हणायचं, तू मनाला लावून घेऊ नकोस हं, असं होतं कधीकधी. म्हणजे तौनो तिच्या हातून गेला, हे सगळ्यांनी ठरवलंच होतं, फक्त मोठ्या मनानं माफ केलं होतं. एल्मर सोडून. पण एल्मरनं फोन ऐकला नव्हता.

सान्नीला खरं ठाऊक होतं. पोरगा खोटं बोलताना कान खाजवतो हे आईला ठाऊक नसेल तर कुणाला? पण साउनात ती कधी त्याचं नाव काढायची नाही. आई होती ती. हेल्मीनंही कधी काढलं नाही. पण त्या गप्प बसण्याचाही एक खडा मनात पडून राहिला होता, आणि स्नोशूज आपटताना तो कधीकधी टोचायचा.

तिला गॉर्डीचं रक्त नको होतं, नोकरी नको होती. त्यानं चार लोकांत उभं राहून खरं सांगायला हवं होतं. आणि ते आपण होऊन तो सांगणार नाही, म्हणून तो जिथं उभा राहील ती जागा ती तयार करत होती.

बर्फ कसा राखायचा हे तिला वेगळं शिकावं लागलं नाही. तिच्या बापाचं बर्फघर होतं. तळ्यातल्या लाद्या कापून लाकडाच्या भुशात पुरून ठेवायचे, आणि भर उन्हाळ्यात त्या बर्फावर दूध ठेवायचे. बर्फ मऊ असेल तर मरतो, चोपला तर जगतो, आणि भुसा पांघरला तर माणसापेक्षा जास्त जगतो, असं बाप म्हणायचा. एप्रिलात लाम्पिनेनांच्या जागेवर छातीइतका ढीग झाला तेव्हा हेल्मीनं सरपणाच्या खोपटातला भुसा पोत्यांनी ओढत नेला आणि वर पसरला. दुसऱ्या दिवशी पडलेल्या बर्फानं तो झाकून टाकला. वर सुरूची सावली होतीच.

मे उजाडला. हार्बरला सफरचंदं फुलली. माथ्यावर ओढा वाहू लागला, तौनोची कबर उघडी पडली, कोठीतल्या दोघांना माती मिळाली. लाम्पिनेनांचा ढीग मात्र म्हातारी गाय बसावी तसा बसून होता.

एल्मर एका सकाळी फावडं खांद्यावर टाकून आला आणि ढिगाभोवती एक फेरी मारली. बुटाच्या टोकानं भुसा उकरला. मग हेल्मीच्या पायरीवर येऊन कॉफी मागितली.

"यंदा तिथं फार साठलंय गं."

"वारा तसा होता."

"वारा स्कूप घेऊन आला होता वाटतं." त्यानं कॉफीवर फुंकर मारली. मग सांगितलं की गॉर्डीनं निरोप ठेवलाय, शनिवारी दफन. बहीण येतेय दूरवरून, तिची पोरं, सगळा गोतावळा. खड्डा तयार ठेव म्हणालाय. वर काय परिस्थिती आहे ते विचारलंसुद्धा नाही. "मी फोन करून सांगू का त्याला?"

हेल्मीनं पावाचा तुकडा त्याच्यापुढं सारला. मग म्हणाली, "नको. वर येऊन बघू दे."

"आणि सान्नी?"

तिनं कॉफीचं भांडं उचलून आत नेलं. एल्मरनं पाव संपवला, कप पालथा घातला आणि फावडं उचलून आला तसा गेला. त्यानंही फोन केला नाही. त्या रविवारी घसरगाडीचा दोर त्याच्याही हातात होता.

शनिवारी गाड्यांची रांग चढून वर आली. खालून येताना सगळ्यांच्या काचा उघड्या होत्या. पहिल्या वळणाला बंद झाल्या. बायका पातळ चपलांत, पुरुष पॉलिश केलेल्या बुटांत. पास्टरबाई हार्बरच्याच, त्यांचे पांढरे मोजे बर्फ वितळून झालेल्या चिखलात दोन पावलांत काळे झाले. गॉर्डीनं हातात फुलं धरली होती, स्वतःच्या अंगणातली, म्हणजे खालच्या अंगणातली. सुरूच्या झाडांपाशी आला आणि थांबला.

खड्डा नव्हता. ढीग होता. दगडावरचं बापाचं नावसुद्धा त्याच्याखाली होतं.

"हे काय?" तो एल्मरकडे वळला. "खड्डा कुठाय? अरे, खाली गवत कापायला आलंय."

एल्मर फावड्यावर टेकून उभा होता. त्यानं फक्त हेल्मीकडे बघितलं.

हेल्मी चर्चला घालायच्या काळ्या कोटात, डोक्याला रुमाल बांधून, तौनोच्या दगडापाशी उभी होती. तिनं आवाज चढवला नाही. ती जागा अशी आहे की तिथं हळू बोललेलं लांब जातं.

"खाली ऊन पडलंय, म्हणून वरही पडलं असेल, असं वाटलं का रे तुला? तेव्हाही असंच वाटलं होतं."

गॉर्डीचा हात कानाकडे गेला. अर्ध्यातच थांबला.

बहिणीनं, कॅरलनं, विचारलं, "तेव्हा म्हणजे कधी?"

"त्यालाच विचार," हेल्मी म्हणाली.

झाडावरून एक वाळकी काटकी ढिगावर पडली. गॉर्डीनं फुलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ढिगाकडे बघितलं, भुसा सरकला होता तिथं स्नोशूजच्या खुणा उघड दिसत होत्या, आणि त्याला सगळं कळलं. माथ्यावर वाढलेलं पोर होतं शेवटी. तो ओरडला असता तर हेल्मीला आवडलं असतं. त्याच्यासाठी तिनं आणखी चार वाक्यं तयार ठेवली होती, तीन वर्षं घासून धार लावलेली.

पण तो ओरडला नाही. खाली बघत म्हणाला, "मावशीचा फोन वेळेवर आला होता. तौनोकाकांच्या वेळी. मी हसलो होतो. इथं ऊन आहे म्हणालो, आणि सामना बघत बसलो. सभेत खोटं सांगितलं मी."

पास्टरबाईंनी पुस्तक मिटलं. कॅरल भावाकडे बघत राहिली, मग हेल्मीकडे. दुकानात हातावर हात ठेवणारी बाईही त्या घोळक्यात होती. ती आता स्वतःच्या हातमोज्यांकडे बघत होती.

हेल्मीला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटलं. उपाशी माणसानं पहिला घास गिळावा तसं. ती चार वाक्यं मात्र तोंडातच राहिली आणि त्यांची चव कडू लागली.

पेटी कोठीतून बाहेर काढलीच नव्हती. गाड्या उलट्या वळल्या. सगळे गेले, गॉर्डी गेला नाही. गाडीतून स्कूप काढून आला आणि कोट सुरूच्या फांदीला टांगला. पहिल्याच ढकलीला पत्रा खणखणला आणि दांडी त्याच्या पोटात बसली. हेल्मीनं चोपलेला बर्फ होता तो. एल्मरनं त्याला कुदळ दिली. दिवस मावळेस्तोवर दगडावर दगड घातल्यासारखा आवाज येत होता. हेल्मी खिडकीत बसून ऐकत होती. प्रत्येक घावाला ती मनात म्हणत होती, हं. आणखी एक. हं.

संध्याकाळी तिनं साउना तापवला. शनिवारच होता. वरच्या बाकावर बसली, दगडांवर पाणी मारलं, वाफ उठली. शेजारची जागा रिकामी होती. सान्नी नेहमी भिंतीला लागून बसायची आणि अंग गरम झालं की म्हणायची, आता कुठं माणसात आले. हेल्मीनं आणखी पाणी मारलं. रस्त्यापलीकडं, दगडी खोलीत, एक बाई थंडीत पडली होती, आणि तिला तिथं ठेवणारी इथं वाफेत बसली होती. हेल्मीला घाम फुटत होता, पण आत कुठंतरी गरम होत नव्हतं.

रविवारी सकाळी गॉर्डी पुन्हा आला. हातांना चिंध्या बांधल्या होत्या. ढिगाचा जेमतेम कोपरा गेला होता. एल्मर म्हणाला, याच गतीनं खणलास तर तुझ्या आईला जुलैमध्ये माती मिळेल. गॉर्डीनं कुदळ उचलली.

हेल्मी चुलीची राख काढत होती. बादली भरली, मग साउनाच्या भट्टीतली काढली, मग खोपटामागच्या पिंपातली, सगळ्या हिवाळ्याची. स्कूपमध्ये भरली आणि रस्ता ओलांडून ओढत नेली. काळी राख पडली की बर्फाला ऊन चावतं. हेही तिच्या बापाचंच. बर्फघराच्या आसपास तो कुणाला विडीसुद्धा झाडू द्यायचा नाही.

तिनं दाताळं घेऊन आधी वरचा भुसा ओढून काढला. मग मुठीनं राख फेकू लागली, शेतात बी पेरावं तशी. गॉर्डी कुदळ टेकून बघत राहिला. ढीग हळूहळू काळा होत गेला, आणि सुरूच्या फटीतून आलेलं ऊन त्याच्यावर येऊन बसलं.

"मावशी," तो म्हणाला, "मी..."

"माफी मागू नकोस," हेल्मी म्हणाली. "मागितलीस तर सगळी राख भरून परत नेईन."

त्यानं कुदळ पुन्हा उचलली.

"आणि हे तुझ्यासाठी नाही. तिला थंडी सोसत नाही."

पुढं बरेच दिवस गॉर्डी रोज खालून यायचा. कधी राखेखाली मऊ झालेला थर ओढायचा, कधी नुसता उभा राहायचा. हेल्मी त्याला कॉफी विचारत नव्हती. एल्मर विचारायचा, पण हेल्मीच्याच पायरीवर बसून, तिच्याच भांड्यातली, आणि हेल्मी कप मोजूनच बाहेर ठेवायची: दोन. तिसरा माणूस उभा असला तर उभा असला. जूनच्या तोंडाला सान्नीला माती मिळाली. या खेपेला गर्दी नव्हती. गॉर्डीनं फुलं आणली नाहीत. माथ्यावर अजून काही फुललं नव्हतं, आणि खालची आणायची त्याची छाती झाली नसावी. कबरीवर पहिली मूठ हेल्मीनं टाकली. नंतर ती तौनोच्या दगडापाशी गेली, त्याच्यावरची सुरूची पानं झाडली आणि त्याला काही सांगायचं होतं ते मनातच सांगितलं.

"सान्नी मला बोलेल काय गं, उशीर झाला म्हणून?" एल्मरनं विचारलं.

"तुला कशाला? मला बोलेल," हेल्मी म्हणाली. "बोलू दे."

मग ती घरी आली. स्कूप राखेनं काळा झाला होता. तिनं तो पिंपातल्या पाण्यानं धुतला, उन्हात उपडा टाकला, आणि वाळल्यावर मेणबत्तीचं टोक शोधून त्याच्या बुडाला घासायला बसली. नोव्हेंबर काही फार लांब नव्हता.